आप्पांच्या पायानं पाहिलेल्या दोन गाड्या

बायको गेल्यापासून आठवणी येतात त्या भलत्याच. लग्नाची, मुलांच्या बारशाची आठवण काढायला बसावं, तर डोळ्यांपुढे येतात दोन जुन्या मोटारी आणि त्यांच्याभोवती फिरणारी ती.

पेट्रोल एकाएकी महागलं, त्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. मी शिरूरच्या कोर्टात वकिली करत होतो. तिचे वडील, आप्पा, दौंडला एकटे राहत. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवलेला माणूस. निवृत्तीनंतरही त्यांनी खोली घेतली ती स्टेशनाजवळच. पुढे अर्धांगानं त्यांची डावी बाजू गेली. एका सकाळी ते मोरीत पडले आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले. हे कळल्यापासून तिला धड झोप नव्हती. आप्पांना आपल्या घरी आणायचं, एवढंच तिच्या मनात होतं. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या आणि भाड्याच्या गाडीला त्यांचा नकार होता.

"भाड्याची गाडी मला तिथं टाकंल आन् निघून जाईल," ते म्हणाले. "मला वाटंल तवा दौंडाला आणून सोडणार असशील, तर येतो. न्हाईतर हितंच बरा हाय."

म्हणून गाडी बघणं आलं. नवी परवडणारी नव्हती. जुन्या दोन कळल्या. दोन्ही मूळच्या पेट्रोलच्या, मालकांनी मागाहून डिझेल इंजिन बसवून घेतलेल्या.

पहिली शिरूरमधल्याच एका कांद्याच्या व्यापाऱ्याची. चालवण्यापलीकडे मला मोटारींतलं काही कळत नव्हतं, पण वाचनालयातून एक पुस्तक आणून मी तयारी केली होती. त्यात लिहिल्याप्रमाणे आधी बॉनेटला हात लावून पाहिला. गार होतं, म्हणजे आम्ही येणार म्हणून इंजिन तापवून ठेवलेलं नव्हतं. तरी पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली. धूर नावापुरता. पुढे मालकानं हौसेनं दोन वेगवेगळ्या खोलगट सीट बसवल्या होत्या, मध्ये गिअरचा दांडा. मी मनात ही गाडी घेऊनही टाकली.

तेवढ्यात तिनं पुढचं डावं दार उघडलं. पदर खोचला, डावा हात पोटाशी दुमडून घेतला आणि डावा पाय लाकडासारखा ताठ ठेवून सीटवर टेकली. मग उजव्या हातानं तो पाय गुडघ्यापाशी धरून आत ओढू लागली. पाय दाराच्या चौकटीत अडकला. मागे सरकावं तर सीटच्या उंच कडा सरकू देईनात. ती उतरली आणि पुन्हा पहिल्यापासून तसंच बसू लागली.

"वहिनी, पायाला काय झालंय का?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"माझ्या नाही हो. आप्पांच्या."

तो हसायला लागला. "वकीलसाहेब, गाडी बघायला आलाय का नाटकाच्या तालमीला?"

"तालीमच आहे," दारात अडकल्या अडकल्या ती म्हणाली. "प्रयोग दौंडला आहे."

घरी येताना मी तिला इंजिनाच्या गोष्टी सांगत राहिलो. ती म्हणाली, "अहो, तुमचं सगळं खरं. पण त्यात आप्पा नाही बसायचे."

दुसरी गाडी दौंडला, एका टॅक्सीवाल्याची. काळी, पोचे आलेली. बॉनेट चांगलंच गरम लागलं आणि मी तिच्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. इंजिन खोकत सुरू झालं आणि मागं काळ्या धुराचा लोट उठला.

"धूर फार आहे," मी म्हणालो.

"त्याचं काय हाय साहेब, ही जातच बिडी वढणारी," टॅक्सीवाला म्हणाला. "पर कामाला हटत न्हाई."

पुढची सीट मात्र एकसंध, बाकासारखी होती, गिअर स्टिअरिंगपाशीच. तिनं पुन्हा तो हात दुमडला, पाय ताठ केला, कडेवर टेकली आणि अलगद आत सरकली. पाय मागोमाग आला. मी मदतीला हात पुढे केला तशी म्हणाली, "धरू नका. त्यांना धरलेलं आवडत नाही."

आतापर्यंत गंमत बघणारा टॅक्सीवाला पुढे येऊन दार धरून उभा राहिला. "सावकाश, बाई," एवढंच म्हणाला. आपण चालत्या-फिरत्या बाईला हे सांगतोय, याचं त्याला भान नसावं. मलाही नव्हतं. तिच्या जागी मला आप्पाच दिसत होते.

पुस्तकाप्रमाणे ती गाडी घेऊ नये अशीच होती. आम्ही तीच घेतली.

आप्पांना आणायला गेलो त्या दिवशी ते काठी टेकून धुराकडे बघत राहिले. "कोळशावर चालतीय व्हय ही?"

"तुमच्यासाठी मुद्दाम शोधली," ती म्हणाली.

ती आधी आत शिरून मध्ये बसली. आप्पा आपले आपण बसले, कुणी हात न लावता, आणि बसल्यावर त्यांनी सबंध गाडीवर एक नजर फिरवली. आपल्या इंजिनावर चढल्यावर ते अशीच फिरवत असणार. त्या धडधडाटात बोलणं ऐकू येत नव्हतं. वाटेतल्या न्हावरे गावाच्या पुढे आप्पांना झोप लागली. डोकं तिच्या खांद्यावर आलं. खड्डा आला की ती हातानं ते सावरी.

शिरूरला घरासमोर गाडी उभी केली, तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. मी किल्लीकडे हात नेला, तसा तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"बंद करू नका," ती पुटपुटली. "आवाज थांबला की जागे होतील."

शेजारपाजारचे दारात येऊन बघायला लागले. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो, गाडी धूर सोडत धडधडत राहिली, आणि तिनं माझ्या हातावरचा हात काढला नाही.