भिंतीकडे तोंड केलेले देव

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. गाढवपणा माझा आहे, पण काम चोख होतं, हे डोक्यात ठेवूनच ऐका.

सगळा जन्म पाचोऱ्याला दगड घडवण्यात गेला. शाळा म्हणाल तर तिची पायरी घडवली, तेवढीच. पण हॉलच्या भिंतीला लावायच्या दगडी टाइलचा नमुना मी माझ्या डोक्याने काढला. सगळे तुकडे एका मापाचे, खाचेत खाच बसते. कुठलाही उचला, कुठेही लावा. जळगावात एका अक्कांच्या नव्या घरात टीव्हीमागची भिंत मिळाली. संध्याकाळी एक इंजिनियर ती बघायला येणार होता. त्याला पटली की त्याच्या सगळ्या बंगल्यांत माझीच टाइल.

टाइलची पाठ कुठली ते कळावं म्हणून आम्ही गेरूची खूण करतो. गेरू संपला होता. मग देव्हाऱ्यातला शेंदूर घेतला, तेलात कालवला, प्रत्येक पाठीवर एक बोट ओढलं. रंग तो रंग. चुकलं काय?

शेवटची टाइल उरली. ती पाठ पुढे करून टेकवली आणि बाहेर भाकरी खायला बसलो. परत येतो तर टाइलपुढे अगरबत्ती, जास्वंद, फोडलेला नारळ. अक्का हात जोडून उभ्या.

"नाना, हाऊ देव कोठला शे?"

"देव नाही अक्का, टाइल आहे. ही बाजू भिंतीत जाते."

"देवनं तोंड भितमा?"

इथे गप्प बसावं की नाही माणसानं? पण मी कसला बसतो. म्हटलं, "अहो, शेंदूर काय, एकूण एक बठ्ठ्या टाइलींना लावलाय मी."

अक्का मटकन खाली बसल्या. "म्हंजे इतला देव आमनाकडे पाठ करीसन बसेल शेतस?"

शेजारच्या बाया जमल्या. मी ओरडलो, "अहो, शेंदूर माझ्या घरचा आहे."

"मंग तं आपला घरना देव दिधा तुम्ही आमले," अक्का म्हणाल्या आणि माझ्याच पाया पडल्या.

सिमेंटचा मसाला अजून ओला होता. सगळ्या टाइली काढल्या, उलट्या लावल्या. उलट्या लावूनही खाचेत खाच बसली, हे मात्र लिहून घ्या.

इंजिनियर आला. बूट दाराबाहेर काढले, हात जोडले, प्रसाद खाल्ला आणि टाइलचा शब्दही न काढता गेला.

घरी आलो तर बायको म्हणते, "अक्कानी भित जागृत शे म्हनतस. मी फोनवरच नवस बोलनू, तुमनी टाइलले गिऱ्हाईक भेटू दे म्हणीसन."

परवा यावलहून गिऱ्हाईक आलं. मी मुकाट्याने नारळ घेतला, जळगाव गाठलं आणि माझ्याच टाइलसमोर नाक घासून आलो.