आक्काच्या फोटोत काय दिसतं

महादेवचा फोन सकाळी आला. तीसेक वर्षं मी धाराशिवच्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतो. समोरचा माणूस बोलण्याआधी कसा श्वास घेतो, यावरून मला पुष्कळ काही कळतं. महादेव दोनदा श्वास घेऊन थांबला, आणि मीच विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "पहाटं. झोपेतच गेली आई." मी फोन मांडीवर ठेवला. सरूआक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. आमची घरं शेजारी शेजारी, गाव लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. नात्यानं ती माझी कुणी नव्हती. पण आठव्या वर्षी गोवरात माझी नजर गेली, आणि तेव्हापासून गावातलं जे काही मी पाहिलं ते तिच्या तोंडून पाहिलं.

त्याला आता दीड महिना झाला. महादेवनं आईचा फोटो त्यांच्या शेळ्यांच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर लावलाय. माझा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. त्या जागी बोट नेलं की तो म्हणतो, "चित्र." बस, एवढंच. वेबसाइटवरच्या प्रत्येक फोटोमागं एक ओळ लिहायची सोय असते, फोटोत काय आहे ते सांगणारी. डोळस माणसाला ती दिसत नाही. माझ्यासारख्याला तीच ऐकू येते, आणि इंटरनेटवर कुणी काही शोधायला लागलं तर फोटो सापडायलाही तिचीच मदत होते. आक्कानं आपल्या एकूण एक शेळीच्या फोटोमागं अशी ओळ लिहिली होती. तिच्या स्वतःच्या फोटोमागं मात्र काही नाही. "काका, तुमीच लिहा, मला न्हाय जमत," असं म्हणून महादेवनं ते माझ्यावर सोपवलं. ज्यानं तिला शेवटचं पाहिलं ते परकर-पोलक्यातली पोर असताना, तो मी आता हे काम घेऊन बसलोय.

वेबसाइट महादेवचीच. पुण्याहून सुट्टीवर आला होता तेव्हा त्यानं ती बनवली, फोटो कसे चढवायचे ते आईला शिकवलं आणि गेला. मी तेव्हा नुकताच निवृत्त होऊन गावी परतलो होतो. एका दुपारी आक्का आली, "बघ रं आमचं दुकान," म्हणाली. मी फोनवर उघडलं तर फोन म्हणायला लागला, "चित्र, चंपी. चित्र, बिजली. चित्र, मास्तरीण." घरात ज्या नावानं हाक मारायची तेच नाव तिनं फोटोला देऊन टाकलं होतं. मी म्हणालो, "आक्का, पुण्याचा माणूस मास्तरीण म्हणून शेळी शोधंल का?" तर म्हणे, "का न्हाय? हाक मारली की येती ती." मग मी समजावलं की लोक उस्मानाबादी शेळी असंच लिहून शोधतात. तिला लगेच शंका. "आता तर जिल्हा धाराशिव झाला की." मी म्हणालो, जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं कुणी बदललेलं नाही. हे तिला पटलं.

पुढच्या आठवड्यात ऐकलं तर फोन ओळीनं तीस वेळा म्हणाला, "उस्मानाबादी काळी शेळी." मला हसू आवरेना. "आक्का, कळपात तीस शेळ्या हैत का एकीचेच तीस फोटो?" ती चिडली. "डोळं असतं तर दिसलं असतं तुला," असं बोलून गेली, आणि तशीच उठून घरी निघाली. पन्नास वर्षांत तिच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. मलाही ते लागलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस ती फिरकली नाही, मीही हाक मारली नाही. तिसऱ्या दिवशी सहज म्हणून वेबसाइट उघडली. "उस्मानाबादी शेळी, काळी. डाव्या कानाच्या टोकाला पांढरा ठिपका. मान मागं वळवून करडाला हुंगतीय." त्यापुढची, "उस्मानाबादी शेळी, काळी. शिंगं मागं वळलेली, एकाचं टोक मोडलंय. बाभळीला पुढचं पाय लावून उभी." तीसच्या तीस वेगळ्या. धनगराच्या घरातली ती. कळपातली प्रत्येक शेळी तिला हजार शेळ्यांतून ओळखू येत होती, फक्त हे दुसऱ्याला सांगावं लागतं एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्या सगळ्या ओळी दोनदा ऐकल्या. गुराखी पोरांबरोबर माळावर हिंडायचो ते सगळं डोळ्यांपुढं आलं, आणि मी चक्क रडलो. संध्याकाळी ती चहा घेऊन आली. माफीबिफी कुणीच मागितली नाही.

मग हा आमचा रोजचा उद्योगच झाला. ती लिहायची, मी ऐकून चुका काढायचो. एकदा तिनं "लई गुणी शेळी" असं लिहिलं. मी म्हटलं, "गुणी फोटोत दिसतं का? फोटोत असंल तेवढंच लिहायचं." तिनं ते असं मनावर घेतलं की पुढं माझ्यापेक्षा तीच कडक झाली. मी एखादा शब्द सुचवला की म्हणायची, "तू बघितलंस का?" गावात नेटची रडकथा, मोठे फोटो उघडायला युग लागायचं, म्हणून महादेवनं तिला फोटोंचं वजन कमी करायला शिकवलं. "शेळी जड पायजे अन् फोटो हलका, कसली म्हनायची ही दुनिया," असं पुटपुटत ती तेही करायची. गिऱ्हाइकं येऊ लागली. सोलापूरहून एक जण आला, त्याला करडाला हुंगणारीच हवी होती. ती काही तिनं दिली नाही.

परवा मी महादेवला फोन लावला. "फोटोत काय आहे ते सांग." "आईच आहे काका. नुसती उभीय." "ते झालं. हातात काय आहे?" तो फोटो उघडून बघू लागला. हातात काही नाही म्हणाला, पदर खोचलेला, मागं गोठ्याचा पत्रा. "बघतीय कुणीकडं? तुझ्याकडं?" "न्हाय… बाजूला बघतीय. तोंड उघडंय तिचं. काहीतरी बोलतीय." आतापर्यंत त्यानं हे कधी नीट पाहिलंच नसावं. मी विचारलं, बाजूला कोण आहे? तो हळूच म्हणाला, "तुमी होता काका. बाजंवर बसलेले. पानावर नुसती आई पायजे म्हनून म्याच तेवढं कापून काढलं." मूळ फोटो परत लावतो, असंही म्हणाला. मी नको म्हणालो.

काल ओळ लिहिली. तेव्हापासून दोनतीनदा बोट नेऊन ऐकली. "सरूबाई, पदर खोचून गोठ्यासमोर उभी. नजर बाजूला, तोंड उघडं. कुणाला तरी काहीतरी सांगतीय." कुणाला, ते फोटोत नाही. म्हणून लिहिलं नाही.