कुठे घट्ट होतंय ते आत्ताच सांगा

माझ्या थोरल्या जाऊबाई शिवणकाम करतात. करायच्या, असं आता लिहायला हवं, पण हात धजत नाही. गिऱ्हाईक नवा कपडा घालून आरशासमोर उभं राहिलं, की त्या तोंडात टाचण्या धरून म्हणायच्या, "कुठे घट्ट होतंय ते आत्ताच सांगा. इथे छान छान म्हणाल आणि घरी जाऊन कपाटात कोंबाल." भिडेखातर गप्प बसणाऱ्यांचा त्यांना भारी राग.

जिन्यावरून पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. हाड जुळलं, पण प्लास्टर निघालं तेव्हा वाटी जागच्या जागी चिकटून बसलेली. पाय काठीसारखा सरळ. मशीनला मोटर लावून पाहिली, तर पाय मशीनखाली जाईचना. "लाकडाचा असता तर निदान काढून कोपऱ्यात ठेवला असता," त्या म्हणाल्या. पुन्हा मशीनवर बसता यावं, एवढीच त्यांची इच्छा. मीही रोज देवापाशी तेवढंच मागत होते.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी वाटी मोकळी करायचं यंत्र स्वतः बनवलं होतं. गुडघ्याला पट्टा, वाटीला दोन बाजूंनी धरणाऱ्या रबरी गाद्या. बटण दाबलं की गाद्या वाटीला हळूहळू वर-खाली ढकलायच्या. त्याची चाचणी घ्यायची होती. जाऊबाई तयार झाल्या.

"काकू, मोकळं वाटतंय का?" बाई दर वेळी विचारायच्या.

"वाटतंय की."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "खरंच वाटतंय?"

"पट्टा नको तिथे रुततो गं. पण ती पोर जेवण सोडून माझ्या पायाशी बसते. तिला कुठे हिरमुसली करू?"

पाय किती वाकतो याच्या शेवटच्या मोजणीला मोठे डॉक्टर आले. जाऊबाईंनी ओठ दाताखाली धरून पाय वाकवला. सगळे खूश. सुधारणा झाली म्हणून त्यांची चाचणी संपली आणि यंत्र दुसऱ्या पेशंटला लागलं. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. सूज उतरली, पण पाय पुन्हा काठी.

महिनाभर मी मागे लागले, तेव्हा कुठे त्या खरं सांगायला आल्या. बाईंनी ऐकून घेतलं, पुन्हा मोजलं. मग बराच वेळ पट्टा गुंडाळत बसल्या.

"काकू, तेव्हाच बोलला असता तर पट्टा बदलून पाहिला असता. आता वाटी खालच्या हाडाला पार धरून बसलीय. यंत्राने सुटायची नाही."

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"हाड ठिसूळ आहे. मोठे डॉक्टर नको म्हणतात."

जाऊबाईंनी मान हलवली. "यंत्र चांगलं आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या.

घरी शेजारीण आली. तिच्या झग्याचं कापड जाऊबाई जिन्यावरून पडायच्या आधीपासून मशीनवर बेतून पडलं होतं.

"सावकाश होऊ द्या वहिनी, मला कुठे घाई आहे?"

"भिडेनं बोलू नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "घेऊन जा. दुसरीकडे शिवून घे."

तिने कापडाची घडी घालून नेली. मी देवापुढे दिवा लावला, हात जोडले. काय मागावं, ते काही सुचेना.