खालच्या पिंजऱ्यातले मासे

देवळासमोर सगळं गाव बसलं होतं आणि सुगंधा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मासे जितेच व्हते."

ते खोटं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही — नवरा होता तेव्हा त्यालाही नाही, पोरांना नाही. आता तुम्हाला सांगते.

सुगंधा माझी धाकटी जाऊ. आमचं गाव खालापूरच्या अंगाला, ओढ्याकाठी. वर डोंगरात दगडाची खाण आहे. खडी धुतलेलं पाणी खाणवाले अधूनमधून ओढ्यात सोडायचे आणि डोहात मासे तरंगायचे. हे पहिल्यांदा बोलली ती सुगंधा. तिचं पोटच त्या मासळीवर — कर्जतच्या बाजारात वाटे लावून विकायची. पण ओढा पुन्हा नितळ व्हायचा, आणि साहेब लोक यायचे ते तेव्हाच. कोण मानणार तिचं?

तिच्याच खटपटीनं कॉलेजातली एक मुलगी आली. तिनं जाळीचे दोन पिंजरे आणले. एक खाणीच्या वर बांधला, एक खाली, आणि दोन्हींत ओढ्यातलेच मासे सोडले. खालचे मेले आणि वरचे जगले, तर पाण्याचा दोष कळणार होता. खालच्या पिंजऱ्यावर लक्ष ठेवायला माणूस हवं होतं. सुगंधानंच माझं नाव सांगितलं. "आमची आक्का बगंल. तिच्यावाणी चोख कोण नाय." मुलगी मला बजावून गेली — आजी, मासे मेले तर तसेच राहू द्या, हात लावू नका.

आणि एका सकाळी पिंजरा उचलला तर सगळे उताणे. कल्ल्यांत राखाडी गाळ बसलेला.

आमच्याकडे शेजारीण माहेरी गेली की कोंबड्या सांभाळायला देते. त्यांतली एखादी मेली तर आपली एक घालायची आणि गप्प बसायचं. सांभाळायला दिलेलं मेलं, ही लाज. मला तीच लाज वाटली. मी मेलेले मासे झुडपात फेकले, खाणीच्या वरच्या बाजूला गेले, जुन्या लुगड्याचा तुकडा पाण्यात धरून तेवढेच मासे पकडले आणि पिंजऱ्यात सोडले. लुगडं धरायला दोघी लागतात. जन्मभर दुसरं टोक सुगंधानं धरलेलं. त्या दिवशी मी ते दगडाखाली दाबलं.

पण लाज पहिल्या खेपेची. मासे पुन्हा मेले, तेव्हा मला सगळं कळत होतं — खाण कळत होती, पिंजरा कशाला ते कळत होतं. तरी मी बदलले. का? मोजायला आली की मुलगी माझं कौतुक करायची म्हणून? ते थोडं. खरं सांगायचं तर — सुगंधा कायम खरी ठरायची. सासूसमोर, पंचायतीत, शेताच्या वाटणीत. एकदा खोटी पडली तर काय बिघडलं, असं मला वाटलं. एवढंच होतं. दुसरं काही नव्हतं.

मग ती बैठक झाली. मुलगी म्हणाली, दोन्ही पिंजऱ्यांतले मासे सारखेच जगले, खाणीच्या पाण्याचा परिणाम दिसत नाही. मागून कोणी तरी म्हणालं, "सुगंधाबाय, मासं तुला बगूनच मरत असतील गं." सगळे हसले. ती उभी राहिली. "आक्का, तू सांग. तू रोज बगत व्हतीस." आणि मी ते सांगितलं — जितेच व्हते. ती खाली बसली. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही.

घरी येताना एकदाच विचारलं तिनं, "खरंच जिते व्हते गं?" मी म्हटलं, "कॉलेजच्या मॅडमनी मोजलं ना."

तेव्हापासून खाणवाले दिवसाढवळ्या पाणी सोडतात. डोह गाळानं भरला. सुगंधा आता पळसदरीला शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांच्या बंगल्यांत भांडी घासते. ती मुलगी पुन्हा आली नाही. माझ्या शब्दावर तिनं काय लिहिलं आणि कुठं पाठवलं, मला माहीत नाही.

सुगंधा अजून आहे, मीही आहे. आमच्या दोघींच्या घरांच्या मधे एकच भिंत आहे.