एनोराची पिशवी

सोआझिग मेस्कोफ ओहोटीला समुद्रातल्या बागेत कालवांच्या जाळीदार पिशव्या पलटायला उतरली की शेजारच्या रांगेतल्या गप्पा बंद पडायच्या. कुणी पिशवी नुसती उलथली आणि झटकली नाही, तर ती मागून येऊन परत पलटायला लावायची. मग पाणी मांड्यांपर्यंत का चढेना. झटकली नाहीत तर कालवं एकमेकांना चिकटतात, वाकडी-लांबुळकी वाढतात आणि बाजारात त्यांना कुत्रं विचारत नाही. तिचं म्हणणं खरं असायचं. तिच्याविषयीच्या तक्रारीही खऱ्याच होत्या.

तिचा मुलगा एवेन मिसरूड फुटायच्या वयात तिच्या हाताखाली राबायला आला. फेब्रुवारीतल्या एका ओहोटीला बोटं बधिर होऊन त्याच्या हातातली पिशवी सुटली आणि चिखलात फुटली. सोआझिगनं त्याला एकेक कालव वेचायला लावलं. तो वाकून वेचत असताना ती बाकीच्यांना म्हणाली, "बघून घ्या. मेस्कोफांच्या घरात असलंही निपजतं." लोक हसले. हसणं भागच होतं. दुसऱ्या दिवशी एवेन आला नाही. तो गेला तो थेट स्ट्रासबुर्गला, जिथून समुद्र दिसायचा संभव नाही. लग्न केलं, मुलगी झाली, हे सोआझिगला नात्यातल्या लोकांकडून कळलं. बापाच्या दफनाला तो आला, चर्चच्या मागच्या बाकाशी उभा राहिला आणि दफनानंतरच्या कॉफीला न थांबता निघून गेला.

गेल्या उन्हाळ्यात किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रानं शाळकरी पोरांसाठी ऑनलाइन वर्ग काढला. देशभरातली पोरं आपापल्या घरी पडद्यासमोर, आणि मादेक नावाचा तरुण मास्तर इथं चिखलात, हातात काठीला लावलेला फोन. प्रत्येक पोराच्या नावाची कालवांच्या पिल्लांची एक पिशवी. ती किनाऱ्याकडच्या वरच्या रांगेत ठेवायची की समुद्राकडच्या खालच्या, हे पोरानंच ठरवायचं. शेवटी जिवंत कालवांचं वजन ज्याचं जास्त, त्यानं आठवडाभर इथं राहायला यायचं. बागेचा मालक ग्वेनोले, आणि पिशव्यांचं काम त्यानं सोआझिगवर सोपवलं.

नावांच्या पट्ट्या बांधताना तिच्या हातात एक आली: एनोरा मेस्कोफ, स्ट्रासबुर्ग.

पडद्यावर तिनं ती पोर पाहिली. हनुवटी एवेनची. एनोरा प्रश्न फार विचारायची, आणि सोआझिगला 'बाई' म्हणायची. नातं दोघींना ठाऊक होतं, दोघी बोलल्या नाहीत. सोआझिग मात्र वर्गाच्या दिवशी केस बांधून येऊ लागली. ग्वेनोलेनं एकदा विचारलंच, कालवांत स्थळ बघताय का म्हणून. तिनं त्याच्या हातात ओली पिशवी दिली. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

एनोरानं सगळ्यात वरची रांग मागून घेतली होती. तिथं कालवं जास्त वेळ उघडी पडतात, कमी खातात, सावकाश वाढतात. पण उन्हाळ्यात पाणी तापून मर लागली की तीच टिकतात. मादेकनं तिला शाबासकी दिली. जुलैच्या मोठ्या ओहोटीला वजनं झाली, तेव्हा मात्र तिची पिशवी सगळ्यांच्या मागे होती. दिझों शहरातल्या तिमोते नावाच्या पोराची पुढे होती. पुढचं वजन एकदम शेवटच्या दिवशी.

सोआझिगला बक्षिसाशी देणंघेणं नव्हतं. पोर जिंकली तर येईल. जिंकलेल्या पोरीला एवेन अडवणार नाही. एवढाच तिचा हिशोब.

त्याच ओहोटीला, बाकीचे ट्रॅक्टरवर बसून परत निघाले असताना, तिनं एनोराची पिशवी सोडली आणि खांद्यावर टाकून सगळ्यात खालच्या रांगेला नेऊन बांधली. तिथं कालवं जवळपास सदोदित पाण्यात असतात, दिवसरात्र खातात. जी अशी अधाशासारखी वाढतात तीच मर लागली की आधी जातात, हे तिनं स्वतः कितीतरी नवख्यांना शिव्या देत शिकवलं होतं. पण जुलै थंड होता. तिनं डाव लावला.

ऑगस्ट तापला.

शेवटच्या दिवशी मादेक फोन घेऊन वरच्या रांगेशी आला. एकाची पिशवी, दुसऱ्याची, आणि एनोराच्या जागी पिशवी ठेवायची लोखंडी घोडी नुसतीच, मोकळी. तो इकडेतिकडे बघू लागला. सोआझिग खाली गेली आणि पिशवी घेऊन आली. ती ओतण्याआधीच वास आला. शिंपले आ वासलेले, आत काळा गाळ. मादेकनं फोन बाजूला वळवला.

"वळवू नका," एनोरा म्हणाली. "आजी, माझी पिशवी खाली कुणी नेली?"

त्या हाकेसाठी सोआझिगनं उन्हाळाभर कान लावले होते.

"मी."

"का?"

"तिथं लवकर वाढतात."

"आणि मरतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

पडद्यावरच्या बाकीच्या चौकोनांत पोरं हालचाल थांबवून बघत होती. एनोरा पडद्याजवळ सरकली.

"बाबा म्हणायचे, दुसऱ्याच्या हातचं काम तुम्हाला बघवत नाही. मला वाटायचं, ते रागानं बोलतात."

तिचा चौकोन काळा झाला. मादेक तिमोतेच्या पिशवीकडे वळला.

ऑगस्टच्या अखेरीला तिमोते आला. सभ्य पोरगा, सगळ्यांसाठी आपल्या शहरच्या मोहरीच्या चटणीच्या बरण्या घेऊन आलेला. ग्वेनोलेनं त्याला सोआझिगच्या हाताखाली दिला, कारण काम तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. तिनं त्याला एकच रांग पुन्हा पुन्हा पलटायला लावली. शिंपल्यांच्या धारेनं हातमोजे फाटले, मग तळवे. परतताना त्यानं विचारलं, बरं झालं का माझं काम.

"नाही," सोआझिग म्हणाली.

पोरगा ट्रॅक्टरवर तोंड फिरवून रडला. ग्वेनोलेनं दुसऱ्या दिवसापासून त्याला शेडमध्ये टोपल्या भरायला बसवलं, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी वर्गाला दुसरी बाई बघा असं केंद्राला कळवलं.

पुढच्या ओहोटीला सोआझिगनं तिमोतेची रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं परत पलटली. पाणी कमरेला लागलं तरी वर आली नाही. पोराच्या कामात काही खोट नव्हती.