आतोबांचा शेवटचा सेकंद

काशीला लोक मरायला सुद्धा चार वर्षं आधी येऊन खोली धरून बसतात. अशा गावात राहून कुठल्याच गोष्टीला वेळेआधी हात न लावणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आमचे आतोबा. दूधविनायकाच्या गल्लीत राहतात, इथल्या मराठी घरांतली लग्नंमुंजी लावतात, आणि मी त्यांच्याकडे कॉलेजसाठी राहतो म्हणून मला हे सगळं फुकटात बघायला मिळतं.

आमच्या मुगलसरायला यायचं असलं तर गाडी हलल्याशिवाय आतोबा डब्यात पाय ठेवत नाहीत. "उभ्या गाडीत काय, कुणीही चढतं." भाजी आणायला निघतात ते भाजीवाली गाठोडं बांधायला लागली की. आत्या म्हणते, सगळा सडका माल उरतो. आतोबा म्हणतात, "आता ती भाजी विकत नाही गं, ओझं उतरवते. भाव तेव्हाच खरा कळतो." विजेचं बिल भरायला गेले तर खिडकी बंद होत असताना मधे छत्री घालतात. तो खिडकीवाला आता छत्री दिसली की न बघताच म्हणतो, "लाइए पंडितजी, दीजिए." लग्नात मात्र ह्याच खोडीला लोक दक्षिणा देतात. मुहूर्त म्हणजे मुहूर्त, पळभर इकडेतिकडे नाही. वेळ उरला तर शेवटचं मंगलाष्टक असं ताणतात की अंतरपाट धरून उभ्या राहिलेल्या एका काकांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी स्वतः पाहिलंय. लोकांना वाटलं, पुतणी चालली म्हणून. काकांचे खांदे गेले होते.

अशा माणसाच्या हातात कुणीतरी मोबाइल दिला, आणि मोबाइलमध्ये जुन्या वस्तूंच्या लिलावाची एक साइट निघाली. वस्तूचा फोटो, खाली उलटं धावणारं घड्याळ, शून्य झालं की ज्याची बोली वर त्याची वस्तू. आतोबांनी ते घड्याळ पाहिलं आणि मला म्हणाले, "अरे, हे तर माझ्यासाठीच काढलंय." त्या दिवसापासून घरात शांतता नाही. त्यांचं तत्त्व असं की आधी बोली लावतो तो मूर्ख. "पंगत बसायच्या आधी लाडू मागणारा माणूस आहे तो. सगळ्यांना कळतं ह्याला भूक लागलीय, मग वाढपी मुद्दाम तिकडे फिरकत नाही." म्हणून आतोबा दिवसभर तोंडातून शब्द काढत नाहीत, वस्तूकडे बघतसुद्धा नाहीत, जणू तिच्याशी त्यांचं काही नातंच नाही. एकदा एका पितळी अडकित्त्यावर कुणाचीच बोली नव्हती, आठवडाभर कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं, तरी हे शेवटच्या क्षणापर्यंत दबा धरून बसले. मी म्हटलं, आतोबा, समोर कुणी नाहीये. तर म्हणाले, "नाहीये असं दाखवतोय तो."

वेळ मोजायला मोबाइलचं घड्याळ त्यांना चालत नाही. घड्याळ खोटं बोलेल, श्लोकाचं वृत्त बोलणार नाही. म्हणून ते मंगलाष्टक म्हणतात. आमच्या गल्लीत नेटवर्क आळशी, बोटानं दाबलेलं तिकडे पोचायला जरा वेळ लागतो, तोही हिशेब त्यात धरलेला. 'साव' म्हणताना दाबायचं, 'धान'ला तिकडे पोचतं. गच्चीवर उभं राहून खणखणीत आवाजात हे चालतं. खालच्या मिश्राइन चाचींनी एकदा अंगणातून विचारलंच, आज लग्न कुणाचं म्हणून, "पंडितजी, आज केकर बियाह हौ?" आतोबा वरून म्हणाले, "ताले का, भाभी. अलीगढ़ का ताला है."

गच्चीवर बनारसची माकडंही असतात. समईचा लिलाव होता, आतोबा 'शुभमंगल'पर्यंत पोचलेले, आणि माकडानं चष्मा नेला. आतोबांनी ताल सोडला नाही. जे अंधुक दिसलं त्यावर 'साव' म्हणून बोट ठेवलं, आणि आमच्या घरी गुजराती अक्षरांचा टाइपरायटर आला. आत्यानं काही न बोलता तो लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर वजन म्हणून ठेवला. पाहुण्यांना सांगते, "ह्यांनी एवढं एकच कामाचं आणलंय. तेही माकडानं निवडलं."

पण यंदाच्या थंडीत एक दिवस आतोबा मोबाइल घेऊन माझ्यापाशी आले, आणि एक फोटो पुढे धरला. फोटोत तांब्याची एक वाटी होती, बुडाला बारीक भोक. घटिकापात्र. पूर्वी लग्नात हे पाण्यावर सोडत. भोकातून पाणी भरत जाई, वाटी बुडाली की एक घटका झाली. काठाला मोठा पोचा होता. "हे आमच्या गुरुजींचं आहे," आतोबा म्हणाले. "तो पोचा आम्ही पाडलाय. ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर, दोघांनी मिळून."

दोघांनी म्हणजे आतोबा आणि त्यांच्या पाठशाळेतला जोडीदार. एका पानात जेवायचे. गुरुजी गेले, पाठशाळा बंद झाली, आणि ते पात्र ह्या दोघांपैकी कुणी न्यायचं हा प्रश्न उरला. दोघांनाही हवं होतं आणि दोघंही वाट बघत बसले की आधी समोरचा तोंड उघडेल. कुणीच उघडलं नाही. गुरुजींच्या घरच्यांना वाटलं कुणाला नकोच आहे, त्यांनी भांड्यांबरोबर मोडीत घातलं. मग मात्र दोघांची तोंडं उघडली, भर गल्लीत, आणि जोडीदार जो नाशिकला निघून गेला तो परत बोलला नाही. हे मला आत्यानं सांगितलं. आतोबा एवढंच म्हणाले, "ह्या वेळी चुकायचं नाही."

लिलाव संपायचा होता शुक्रवारी सकाळी. साइटनं नेमका नवा नियम काढला होता: शेवटच्या क्षणी बोली आली तर घड्याळात आणखी दोन मिनिटं वाढणार. आतोबांनी 'सावधान' म्हटलं, बोली लागली, आम्ही श्वास सोडला, तर घड्याळ वाढलं. आणि त्या वाढलेल्या वेळाच्या अगदी टोकाला समोरून बोली आली. नाव लपवलेलं, फक्त गाव दिसत होतं. नाशिक. आत्या मटार सोलत होती, ती थांबली.

"अहो, हे—"

"नाशकात काय एकच माणूस राहतो?" आतोबा म्हणाले. पण कान लाल झाले होते.

पुढचा प्रकार म्हणजे न संपणारं लग्न. हे मंगलाष्टक म्हणून दाबणार, घड्याळ वाढणार, टोकाला नाशिक दाबणार, पुन्हा मंगलाष्टक. समोरचे आकडे सगळे एकावर संपणारे. एक हजार एक, एक हजार एकवीस. आतोबा खूश झाले. "बघितलंस? दक्षिणेचे आकडे आहेत. समोर भट आहे. आता ह्याला धरतो." शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या आसपास राहुकाल लागतो, त्यात कुणी शहाणा नवीन कामाला हात लावत नाही. तो लागतच आला होता. आतोबांचा डाव असा: राहुकाल लागायच्या अगदी आधीची बोली आपली, मग भटजी हात बांधून बसतील आणि दोन मिनिटं निघून जातील. खणखणीत 'सावधान' झालं. बोली लागली. राहुकाल लागला. आतोबांनी मोबाइल पाटावर ठेवला आणि माझ्याकडे बघून मिशीत हसले.

घड्याळ टोकाला आलं आणि नाशिकची बोली आली.

आतोबांनी पडद्यावरचं गाव पुन्हा वाचलं. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "देशांतर," म्हणाले. "देशांतर विसरलो." सूर्य काशीत आधी उगवतो, नाशकात अर्ध्यापाऊण तासानं. जसा सूर्योदय तसा राहुकाल. काशीचा लागला होता, नाशिककर अजून मोकळा होता. पुण्याचं पंचांग आणून काशीत मुहूर्त बघणाऱ्या यजमानांना हा माणूस दारातून परत पाठवतो.

"आतोबा, अजून वेळ आहे, मी दाबतो. मला नाही लागत राहुकाल."

"गुरुजींची वस्तू राहुकालात घेऊ?"

"आपण काय नवीन घेतोय? जुनीच आहे," आत्या म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. आतोबांनी मान हलवली. आम्ही तिघं त्या घड्याळाकडे बघत बसलो आणि ते शून्य झालं. पात्र नाशिकला गेलं.

मला वाटलं, आता दोन दिवस घरात कुणी जेवणार नाही. तर आतोबांचे खांदे हलायला लागले. बघतो तर हसत होते. "त्यालाही माझं गाव दिसत होतं. माझा राहुकाल लागायची वाट बघत होता लेकाचा. देशांतर गुरुजींनी त्यालाच आधी शिकवलं, मी त्या दिवशी उशिरा पोचलो होतो." हसता हसता उपरण्यानं डोळे पुसले, मग आत्याला म्हणाले, "त्याचा नंबर कुठून मिळेल गं?"

"माझ्याकडे आहे," आत्या म्हणाली. "दर दिवाळीला बोलते मी नाशिकच्या वहिनींशी. तुम्हाला विचारायला इतका वेळ लागला."

आतोबांनी तिच्याकडे बघितलं आणि मोबाइल पुढे केला. ती आकडे सांगू लागली. मी गप्प बसायला हवं होतं, पण जीभ आमची अशी. "आतोबा, राहुकाल आहे," म्हटलं.

"नाशकात नाहीये," ते म्हणाले, आणि फोन लावला.

रिंग वाजत राहिली. एवढी वाजली की आता आपोआप तुटणार असं वाटलं, आणि अगदी तेव्हा पलीकडून उचलला. कुणी हॅलो म्हटलं नाही. आतोबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गल्लीतून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली, ती पार लांब जाईपर्यंत दोन्हीकडे कुणी बोललं नाही.

मग आतोबा म्हणाले, "चिंच लावून घासू नकोस रे त्याला. भोक मोठं होतं."