पिक्चर संपल्यावर तिचं पुढं काय झालं?

लग्न होऊन मी शाहूवाडीकडच्या खेड्यातून कोल्हापुरात शिवाजी पेठेत आले, तेव्हा माझी शाळा दहावीतच सुटली होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई फटकळ, आवाज मोठा. भाताची पेज निथळून काढायची माहेरची सवय मी इथंही चालू ठेवली, तर पहिल्याच दिवशी ओरडल्या, "अगं, भाताचं समदं सत्त्व वतून द्यायलीस की!" पेज आम्ही मीठ घालून पितो, हे सांगायचंही मला धाडस झालं नाही.

एका रविवारी त्यांनी मला पिक्चरला नेलं. शेवटी नायक-नायिकेचं लग्न लागलं आणि दिवे लागले. दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, पुढं तिचं काय झालं असंल?"

मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या हसल्या. "काय हुणार? भाकऱ्या थापत बसली असंल." मग तव्यावरची भाकरी उलटता उलटता थांबल्या. "पर तिचं कॉलेज अर्धंच ऱ्हायलं की गं. त्ये कवा पुरं करायचं तिनं?"

त्या दिवसापासून सैपाक करता करता आमचा पुढचा भाग सुरू झाला. माझी नायिका सारखी माहेरी जायची. त्यांची मात्र पुस्तकं घेऊन कॉलेजला निघायची. सासरा अडवायचा, सासू त्याला गप्प करायची. ती पेजही मीठ घालून प्यायची, कारण एव्हाना मी धीर करून प्यायला दिलेली पेज आत्याबाईंना आवडायला लागली होती.

मग एके दिवशी मामंजी जेवायला बसले असताना त्या म्हणाल्या, "पोरीला शाळंत घालायचं हाय. म्याट्रिक हुंदे."

"आन् सैपाक?"

"त्यो याच्या आदी कोण करत हुतं? तुमी?"

मामंजींनी मान खाली घालून रस्सा वाढून घेतला. नवऱ्यानं पुस्तकं आणली. अभ्यासाच्या वेळी आत्याबाई मला चुलीपाशी फिरकू द्यायच्या नाहीत. मॅट्रिक झाले, मग शिक्षिकेचा कोर्सही झाला. स्वतः त्यांना सहीसुद्धा येत नव्हती. त्यांच्या मनात हे आधीपासून होतं, की बोलता बोलता सुचलं, ते मी कधी विचारलं नाही.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी पाया पडले, तर म्हणाल्या, "ऊठ, उशीर हुतोय." आणि दारात येऊन शेजारणीला गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमची सून न्हाय ती आता, बाई हाय बाई! शाळंतली!"